शिकागोच्या मुक्कामात फ्रँक लॉइड राइटची कोणती घरे आतून पाहावीत?

सहकारनगरकर

नमस्कार. येत्या सप्टेंबरात आम्ही उभयता मुलीकडे शिकागोला जाणार आहोत आणि मुक्काम चांगला मोठा आहे. उंच मनोरे, तळ्यातली नौकाफेरी आणि खरेदी यांची यादी मुलीने आधीच करून ठेवली आहे. माझी मागणी एवढीच आहे की फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने बांधलेली काही घरे तरी आतून पाहायला मिळावीत. मी या क्षेत्रातला नाही. आयुष्यभर बँकेत गृहकर्जाची प्रकरणे तपासली, त्यामुळे घरांचे नकाशे भरपूर पाहिले, घरे मात्र फार थोडी.

ओक पार्क, रोबी हाउस, टॅलिएसिन आणि फॉलिंगवॉटर ही नावे वाचनात आली आहेत. सगळे पाहणे शक्य नाही आणि सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचा विचार करता इष्टही नाही. तरी जाणकारांनी निवड सुचवावी.

एक शंकाही मांडून ठेवतो. ज्या घरात कोणी राहत नाही, जिथे खुर्चीला हात लावता येत नाही आणि दोरीच्या अलीकडे उभे राहून वाटाड्याचे ऐकावे लागते, ते घर आपण पाहिले असे खरोखर म्हणता येईल का? विश्रामबागवाड्यातले सुरूदार खांब पाहताना मला नेहमी असे वाटते की मी सांगाडा पाहतो आहे, वाडा नव्हे.

तळ्याकाठची

काका, मी मूळची कर्वेनगरची असून गेली बरीच वर्षे शिकागोत राहते. पाहुणे आले की त्यांना ओक पार्कला नेणे हे आमच्या घरी ठरलेले काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ओक पार्क हे शिकागोला लागूनच असलेले उपनगर आहे आणि शहरातून ग्रीन लाइनच्या गाडीने तिथे सहज जाता येते. राइटने १८८९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आपले मालक लुई सलिव्हन यांच्याकडून पैसे उसने घेऊन तिथे स्वतःचे घर बांधले आणि १८९८ साली त्याला लागून कार्यालय काढले. संसार वाढत गेला तसे घरही वाढत गेले. सहा मुलांसाठी त्याने वरच्या मजल्यावर खेळायची खोली बांधली, ती मला त्या घरातली सर्वात सुंदर जागा वाटते. अरुंद, अंधाऱ्या आणि बुटक्या बोळातून आपण येतो आणि अचानक कमानदार छताच्या उंच खोलीत उभे राहतो. मुलांना बसून बाहेर पाहता यावे म्हणून खिडक्या खाली घेतल्या आहेत. बाहेरून मात्र हे घर साधेच आहे आणि त्यात पुढचा राइट शोधू गेलात तर निराशा होईल.

घर पाहून झाल्यावर त्याच गल्ल्यांमधून फिरावे. त्या एका गावात राइटच्या दोन डझनांच्या आसपास वास्तू आहेत. त्यांतील बहुतेक घरांत आजही कुटुंबे राहतात, त्यामुळे ती रस्त्यावरूनच पाहायची असतात. दरवर्षी मे महिन्यात त्यांपैकी काही खासगी घरे एका दिवसापुरती आतून दाखवली जातात, पण आपण सप्टेंबरात येणार असल्याने तो योग नाही. पायी जाता येईल इतक्या अंतरावर युनिटी टेंपल आहे. ते घर नव्हे, प्रार्थनास्थळ आहे, पण ते चुकवू नये. १९०८ साली पूर्ण झालेली ही उघड्या काँक्रीटची इमारत बाहेरून किल्ल्यासारखी बंद आहे आणि आत वरून मधाळ प्रकाश उतरतो.

गुडघ्यांविषयी सांगायचे तर जिने सगळीकडेच आहेत. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून विचारावे. लोक सौजन्याने माहिती देतात.

फुकटे पुणेकर

घरे बाहेरून पाहावीत. त्याला तिकीट नसते, जिने नसतात आणि दुपारी एक ते चारही ती दिसतात.

रेघोट्या

वरील सदस्यांचा सल्ला अमलात आणल्यास राइटचा निम्मा खेळ हुकेल, असे व्यवसायाने वास्तुविशारद असल्याने मला नम्रपणे सांगावेसे वाटते. छायाचित्रात दिसत नाही असे जे काही त्याच्या घरांत आहे, ते मुख्यतः छताच्या उंचीत आहे. प्रवेशाची जागा तो मुद्दाम बुटकी, अंधारी आणि वळणाची ठेवतो, म्हणजे माणूस तिथे रेंगाळत नाही. नंतर बैठकीच्या खोलीत छत वर जाते आणि प्रकाश चहूकडून येतो. तळ्याकाठच्या ताईंनी खेळण्याच्या खोलीचे जे वर्णन केले आहे, ते याचेच उदाहरण आहे. आपल्या वाड्यातही दिंडी दरवाजातून वाकून, देवडीच्या काळोखातून पुढे गेल्यावर चौकातले आकाश दिसते. तिथे संरक्षणाचे कारण होते, राइटला मात्र तो परिणामच हवा होता.

माझे मत विचाराल तर एकच घर पाहायचे असल्यास रोबी हाउस पाहावे. शिकागो विद्यापीठाच्या परिसरातले हे घर १९१० साली पूर्ण झाले. राइटच्या या शैलीला प्रेअरी शैली म्हणतात; प्रेअरी म्हणजे तिथली सपाट गवताळ माळराने. त्या सपाटीला साजेशी आडवी घरे असावीत, हा विचार या वास्तूत टोकाला गेला आहे. विटा लांबट आणि चपट्या आहेत. त्यांच्या आडव्या सांध्यांतला चुना खोल ओढून घेतला आहे आणि उभे सांधे विटेच्याच रंगाने भरून टाकले आहेत, त्यामुळे भिंतीवर फक्त आडव्या रेघा उरतात. छपराचे टोक शेवटच्या आधाराच्या पुढे सुमारे वीस फूट निघालेले आहे आणि ते पोलादी तुळयांवर तोललेले आहे. दारे-खिडक्यांतील नक्षीदार काचांची संख्या १७४ आहे. बैठकीची आणि जेवणाची खोली म्हणजे एकच लांब दालन असून मधे फक्त शेगडीचा ओटा व धुराडे आहे. आज आपण 'हॉल आणि डायनिंग एकत्र' असे सहज म्हणतो. १९१० साली ते सहज नव्हते. आतील जीर्णोद्धाराचे मोठे काम २०१९ साली पूर्ण झाले असल्याने घर उत्तम स्थितीत आहे. मुख्य दालन वरच्या मजल्यावर आहे, एवढे मात्र गुडघ्यांच्या हिशेबात धरावे.

चुलीपाशी

चर्चा वाचते आहे. सगळ्यांनी काचा, विटा आणि छते यांचे कौतुक केले; या घरांत स्वयंपाक कोण करीत होते आणि त्या १७४ काचा कोण पुसत होते, हे कोणी लिहिलेले नाही. रोबी हाउसला नोकरांसाठी वेगळा भाग होता आणि स्वयंपाकघर मुख्य दालनापासून दूर त्याच भागात होते. एवढे करून रोबी कुटुंब त्या घरात जेमतेम दीड वर्ष राहिले. वडिलांच्या मागे राहिलेली देणी आणि मोडलेला संसार यांमुळे घर विकावे लागले, हे खरे आहे आणि त्याचा दोष वास्तुविशारदाला देता येणार नाही. परंतु ज्या खुर्च्यांची आपण तिकीट काढून वाखाणणी करतो, त्यांच्यावर बसून आपलेच अंग काळेनिळे झाले असे खुद्द राइटने कबूल केले आहे. त्या खुर्च्यांवर बसू देत नाहीत, हे सहकारनगरकरांनी उपकारच समजावेत.

रेघोट्या

ताई, आक्षेप रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर राइटने नंतर दिलेही आहे. १९३७ साली मॅडिसन गावात जेकब्स या तरुण पत्रकार दांपत्यासाठी त्याने साडेपाच हजार डॉलरांत घर बांधले. नोकर परवडणार नाहीत, हे गृहीत धरूनच त्याची आखणी केली होती. स्वयंपाकघर घराच्या मध्यावर आणले, जेवणाची जागा त्याला चिकटवली, जमिनीखालून गरम पाण्याचे नळ फिरवून उब दिली, तळघर आणि माळा काढून टाकला आणि मोटारीसाठी बंद गॅरेजऐवजी नुसते छप्पर दिले. युनेस्कोने २०१९ साली राइटच्या ज्या आठ वास्तू जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या, त्यांत रोबी हाउस आणि फॉलिंगवॉटर यांच्या बरोबरीने हे छोटे घरही आहे. ते खासगी मालकीचे असल्याने आतून पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

चुलीपाशी

अर्धे उत्तर हा शब्द आपण जपून वापरलात, त्याबद्दल आभार. काचा पुसण्याचा प्रश्न शिल्लक आहे.

तुळई

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. फॉलिंगवॉटरचा विषय निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही सांगतो.

पेनसिल्व्हेनियात बेअर रन नावाच्या ओढ्यावर एडगर कॉफमन या पिट्सबर्गच्या व्यापाऱ्यासाठी हे घर १९३६ ते १९३९ या काळात बांधले गेले. मालकाची अपेक्षा अशी होती की घरातून धबधबा दिसावा. राइटने घर धबधब्याच्या माथ्यावरच ठेवले, म्हणजे धबधबा घरातून ऐकू येतो आणि पाहायचा असेल तर बाहेर पडून खाली उतरावे लागते. सज्जे एकावर एक ओढ्यावर झेपावले आहेत. कॉफमनने स्वतःच्या सल्लागार अभियंत्यांकडून नकाशे तपासून घेतले, त्यांना सज्ज्यांच्या काँक्रीटमधल्या सळया कमी वाटल्या आणि प्रत्यक्ष कामात त्या वाढवण्यात आल्या. हे कळल्यावर राइट संतापला. गंमत अशी की वाढवलेल्या सळयाही अपुऱ्या पडल्या. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटखालचा तात्पुरता आधार, काढताच सज्जा खाली बसला आणि पुढील दशकांत हे झुकणे वाढत जाऊन सुमारे सात इंचांपर्यंत पोहोचले. अखेर २००२ साली बैठकीच्या खोलीतील फरशी उचलून तुळयांना पोलादी केबल जोडल्या, त्या ताणून घेतल्या आणि फरशी पुन्हा होती तशी बसवली. आज जाणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. गळतीचा त्रास तर या घराला पहिल्यापासून आहे.

एखाद्या बिल्डरने आपल्या सोसायटीत असा सज्जा दिला असता, तर आपण त्याला न्यायालयात खेचले असते. तरीही मी सांगतो की ते घर आयुष्यात एकदा पाहावे. जमिनीच्या फरशांना मेण लावून ओलसर चमक दिली आहे आणि शेगडीपाशी डोकावणारा मूळ खडक मात्र बिनमेणाचा कोरडा ठेवला आहे, म्हणजे ओढ्याच्या पाण्यातून कातळ वर आल्याचा भास होतो. अनेक ठिकाणी खिडकीची काच चौकटीशिवाय थेट दगडी भिंतीत घुसवली आहे. अभियंता म्हणून माझी तक्रार कायम आहे आणि पाहणारा म्हणून मी निरुत्तर आहे.

तळ्याकाठची

तुळई काकांच्या प्रतिसादात एक व्यावहारिक भर घालते. शिकागोहून फॉलिंगवॉटर मोटारीने आठ तासांहून अधिक दूर आहे. विमानाने पिट्सबर्गला जाऊन तिथून सुमारे दीड तासाचा रस्ता करावा, हे बरे. तिकीट आधीच काढावे लागते. घरात सहा वर्षांखालील मुलांना नेत नाहीत, तेव्हा नातवंडे बरोबर असतील तर ध्यानात ठेवावे. आत पायऱ्या पुष्कळ आहेत. काकूंच्या दृष्टीने मी ते सुचवणार नाही.

त्याऐवजी विस्कॉन्सिनमधील टॅलिएसिन घ्या. मोटारीने तीन-साडेतीन तास लागतात. राइटने १९११ साली आपल्या आजोळच्या दरीत हे घर बांधायला घेतले आणि अखेरपर्यंत तो त्यात बदल करीत राहिला. १९१४ साली एका नोकराने तिथे आग लावून सात जणांना ठार मारले; त्यांत राइटची सहचरी मेमा बोर्थविक आणि तिची दोन मुले होती. त्याने घर पुन्हा बांधले, १९२५ साली ते पुन्हा जळाले आणि त्याने तिसऱ्यांदा बांधले. घर टेकडीच्या माथ्यावर नसून कुशीत आहे. थंडीच्या महिन्यांत ते बंद असते, सप्टेंबर मात्र उत्तम.

शनिवारपेठी

खुर्चीवर बसू देत नाहीत या मूळ शंकेचे उत्तर कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो. याच विस्कॉन्सिनमध्ये मिरर लेकच्या काठी सेथ पीटरसन कॉटेज नावाचे राइटचे अगदी छोटे घर आहे. १९५८ साली त्याची आखणी झाली. नंतर ते ओसाड पडले होते. स्थानिक लोकांनी दुरुस्त केले आणि १९९२ पासून ते रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने मिळते. चहा करावा, शेगडी पेटवावी, हव्या त्या खुर्चीवर बसावे. आरक्षण मात्र फार आधी करावे लागते, त्यामुळे या सप्टेंबरचे आताच पाहावे.

असाच अनुभव श्रीलंकेत तिथले वास्तुविशारद जेफ्री बावा यांच्या घरांत येतो. कोलंबोतील 'नंबर ११' हे त्यांचे घर म्हणजे एकाच गल्लीतल्या चार लहान घरांना एकेक करून जोडून तयार झालेली वास्तू आहे. लांब पांढरी वाट, तिच्या दोन्ही बाजूंना छोटे उघडे चौक आणि कुठून कुठे आलो याचा पत्ता लागू न देणारी वळणे तिथे आहेत. बेंटोटाजवळचे लुनुगंगा हे त्यांचे बागघर तर १९४८ पासून पन्नास वर्षे घडत होते आणि तिथेही राहता येते. बावांनी कोलंबोत बांधलेले एना डी सिल्वा यांचे घर पाडले जाणार होते, तेव्हा त्याच्या विटा आणि दगड क्रमांक घालून सुटे केले आणि ते लुनुगंगाच्या आवारात पुन्हा उभे केले. पुण्याहून जाणाऱ्याला अमेरिकेपेक्षा हे केव्हाही स्वस्त पडेल.

फुकटे पुणेकर

क्रमांक घालून घर हलवण्याची ही पद्धत आमच्या भाडेकरूंच्या कानावर जाऊ देऊ नये, ही विनंती.

चौकातली तुळस

इतक्या लांब न जाता अहमदाबादला जावे, असे मी सुचवते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यातच झाला आणि २०१८ साली वास्तुकलेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पुण्यात मात्र ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे, याची मला शंका आहे. पॅरिसमध्ये विख्यात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करून ते परतले आणि अहमदाबादेतील कॉर्बुझिए यांच्या कामांवर त्यांनी देखरेख केली. त्यांपैकी साराभाई आणि शोधन या कुटुंबांची घरे खासगी आहेत, परवानगीशिवाय फाटकातून आत जाता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. साराभाई यांच्या घरात छतावर हिरवळ आहे आणि वरच्या मजल्यावरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी घसरगुंडी आहे. दोशींचे 'संगाथ' हे कार्यालय मात्र पूर्वपरवानगीने पाहता येते. जमिनीत अर्धवट खाली घेतलेल्या लांबट कमानींवर फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांचे आवरण आहे, त्यामुळे उन्हाचा ताप परतवला जातो.

या धाग्याशी जोडणारा एक दुवा असा की राइटने १९४०च्या दशकात अहमदाबादच्या कॅलिको मिलसाठी दुकानाच्या इमारतीचा आराखडा केला होता. ती इमारत झाली असती, तर सहकारनगरकरांचे विमानाचे तिकीट वाचले असते.

रेघोट्या

दुवे आणखी जवळ आहेत. नारी गांधी हे पारशी वास्तुविशारद १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात टॅलिएसिनला राइटकडे शिकले आणि परतल्यावर त्यांनी लोणावळा, अलिबाग आणि कोर्लई या भागांत घरे बांधली. ते नकाशे जवळजवळ काढत नसत. जागेवर उभे राहून गवंड्यांबरोबर दगड, वीट आणि लाकूड रचत काम पुढे नेत. कोर्लईच्या किनाऱ्यावरील त्यांच्या घरातल्या विटांच्या प्रचंड कमानी पाहिल्या की राइटचा शिष्य आणि कोकणातला गवंडी यांनी मिळून काय केले, ते कळते. १९९३ साली खोपोलीजवळ अपघातात त्यांचे निधन झाले. ही घरे खासगी आहेत, फलक नाही, तिकीट नाही आणि त्यांची वाट कोणी दाखवत नाही. नकाशाही नाही, त्यामुळे एखादे पडले तर त्याच्याबरोबर ते कसे बांधले होते हेदेखील जाईल. दोरीच्या अलीकडे उभे राहून घर पाहणे कितीही कृत्रिम वाटले, तरी मला ती दोरी म्हणूनच हवीशी वाटते.

प्रभात रोडवरून

शेवटच्या वाक्याशी सहमत आहे. आमच्या गल्लीतील दगडी जोत्याचे, रुंद व्हरांड्याचे बंगले एकेक करून पुनर्विकासात गेले आणि ते कोणी रेखले होते, हे मालकांच्या पुढच्या पिढीलाही सांगता येत नाही. वास्तुविशारदाचे नाव प्रसिद्ध नसेल, तर घराला वारसा मानायचेच नाही, ही पद्धत मला मान्य नाही.

चुलीपाशी

मान्य नसली तरी ते बंगले सांभाळायचे कोणी? गळके कौल, वाळवी लागलेले वासे आणि पाच वारसदार असलेल्या घराचा खर्च मी सासरी जवळून पाहिला आहे. लांबून हळहळणाऱ्यांपैकी एकही जण कौले शाकारायला आला नाही. राइटच्या घरांमागे विद्यापीठे, न्यास आणि तिकिटांचे उत्पन्न उभे आहे. आमच्यामागे फक्त मालमत्ता कराचे बिल होते.

तुळई

ताईंचा मुद्दा खरा आहे, पण राइटच्या घरांनाही हे सुख आपोआप लाभलेले नाही. रोबी हाउस १९५७ साली पाडले जाणार होते. ज्या धार्मिक शिक्षणसंस्थेच्या ताब्यात ते होते, तिला तिथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह हवे होते. एकोणनव्वद वर्षांचा राइट स्वतः तिथे निषेध करायला गेला. शेवटी ते वाचवले विल्यम झेकेनडॉर्फ या बांधकाम व्यावसायिकाने. त्याने ते १९५८ साली विकत घेतले, काही काळ कार्यालय म्हणून वापरले आणि नंतर शिकागो विद्यापीठाला देऊन टाकले. कॉफमनच्या मुलाने फॉलिंगवॉटर १९६३ साली निसर्गसंरक्षण करणाऱ्या संस्थेला दिले, देखभालीसाठी पैसेही दिले आणि पुढच्याच वर्षी ते लोकांसाठी खुले झाले. यांपैकी काहीही सरकारने केलेले नाही.

फुकटे पुणेकर

घर वाचवणारा बिल्डर! त्याचा पुतळा कुठे आहे?

सहकारनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीशी बोलून असे ठरवले आहे की ओक पार्क आणि युनिटी टेंपल एका दिवशी, रोबी हाउस दुसऱ्या दिवशी आणि टॅलिएसिनला एक रात्र बाहेर राहून जायचे. सेथ पीटरसन कॉटेजच्या सप्टेंबरातल्या सर्व रात्री भरलेल्या आहेत. एखादे आरक्षण रद्द झाल्यास कळवा, असे मुलीने त्यांना लिहून ठेवले आहे. फॉलिंगवॉटर सोडले. सौभाग्यवतींनी हा धागा माझ्यापेक्षा बारकाईने वाचला आणि चुलीपाशी यांच्या प्रत्येक प्रतिसादाला मान डोलावली. आतल्या वाटाड्याला त्या काचांविषयी विचारणार आहेत, हे नक्की.

माझ्या शंकेविषयी म्हणाल, तर रेघोट्या यांच्या दोरीच्या युक्तिवादाने मी पूर्णपणे वळलेलो नाही. घर टिकते हे मान्य, पण ओक पार्कच्या ज्या घरांत अजून कुटुंबे राहतात, ती रस्त्यावरून पाहायला मला अधिक आवडेल, असे आताच वाटते आहे.

तळ्याकाठची

काका, तसे असेल तर घर-कार्यालय आतून पाहण्यासाठी सकाळची पहिली वेळ घ्या आणि उरलेला दिवस गल्ल्यांसाठी मोकळा ठेवा. फॉरेस्ट अव्हेन्यूवर राइटची घरे जवळजवळ आहेत. लोकांच्या अंगणात पाऊल टाकू नये आणि खिडकीत कॅमेरा रोखू नये, एवढे पथ्य पाळावे. चुलीपाशी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर ते इथे अवश्य लिहावे.

चौकातली तुळस

डिसेंबरात अहमदाबादला जाण्यासाठी चार-सहा जण तयार असतील, तर मी संगाथच्या परवानगीसाठी पत्र लिहिते. गांधी आश्रमातले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रेखलेले १९६३चे संग्रहालयही त्याच फेरीत होईल. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा. फुकटे पुणेकर यांनी तिकिटाचे पैसे आगाऊ द्यावेत.